दोलित्र

देवगड बंदरात, बर्फ कारखान्याच्या माडीवर
माझं दुकान. खाली लाद्या फोडतायत.
टेबलाला हादरे बसतात,
पडद्यावरच्या सर्किटला बसत नाहीत.

एक ट्रान्झिस्टर, थोडे कपॅसिटर, एक कॉइल,
आणि तो उलटा जोडलेला डायोड
ज्यातून वीज जायचीच नाहीये.
तो फक्त व्होल्टेज बघून अंग चोरतो,
जेवढं चोरेल तेवढा सूर चढतो.

पुस्तकात याला दोलित्र म्हणतात.
बंदरावर असलं कुणी बोललं तर
मासा आहे का विचारतील.

मला हवंय ते एवढंच:
एकशे छप्पन पूर्णांक आठ मेगाहर्ट्झ,
बोटींचा सोळा नंबर चॅनल,
ज्यावर गप्पा मारायच्या नसतात
आणि सगळे मारतात.
दुरुस्तीला आलेले सेट तपासायला
एक घरचा सूर.

रन दाबते.
सरळ रेघ.
पुन्हा दाबते. सरळ रेघ.
गेन पुरेसा, फेज जुळलेली,
वहीतलं गणित तीनदा पडताळलेलं,
तरी हे बाळ डोळे मिटून बसलंय,
कारण त्याच्या जगात खुट्ट होत नाही.
उकाड्याने तिथे इलेक्ट्रॉन कुजबुजत नाहीत,
बटण टाकताना चरचर नाही,
खाली कुणी बर्फ फोडत नाही.
इतकं बिनचूक
की सुरुवातच होईना.

मग कपॅसिटरवर, सुरुवातीची अट म्हणून,
एक मिलिव्होल्ट लिहिते.
झोपलेल्याच्या पायाला बोट लावावं तेवढंच.
थोडा वेळ काही नाही.
मग रेघेवर शहारा,
मग ती फुगते, फुगते,
ट्रान्झिस्टर पुरे म्हणतो तिथे थांबते.
अडीच व्होल्टला एकशे छप्पन पूर्णांक आठ.
दुकानात मी एकटीच "हां!" म्हणते.

समोर दर्या आहे, उपमा फुकट मिळेल.
घेणार नाही. त्याच्या लाटेला सहा सेकंद लागतात,
हिला सहा नॅनोसेकंद आणि वर चिल्लर.

तांब्याच्या पाटीवर खरं मांडते.
पाच मिलिमीटरच्या ड्रिलवर तारेचे चार वेढे,
डाग देताना हातावर रोझिनचा वास.
हे मात्र बटण टाकताच बोलायला लागतं,
कुणी अट लिहावी लागत नाही.
पण बोलतं एकशे एकोणपन्नासवर.
पाटीचं स्वतःचं काहीतरी, तारांचं काहीतरी,
जे मी मोजलंच नव्हतं.

केरसुणीतला एक हीर ओढते,
त्याने कॉइलचे वेढे जरा जरा फाकवते.
एकशे बावन्न.
चोपन्न.
श्वास धरून छप्पन पूर्णांक आठ.
मेणबत्तीचा एक थेंब वर, म्हणजे हलणार नाही.

तेवढ्यात जिना वाजतो. दाजी कोयंडे,
काखेत भिजलेला सेट, त्यातून अजून पाणी ठिबकतंय.
"काय गो, बोलाक लागला तुजा यंत्र?"
म्हणत हात पुढे करतात, उजवा,
ज्याचं मधलं बोट दोन पेरं
विंचच्या दोराने नेलं.
आकडे घसरतात: एकशे पंचावन्न.
हात मागे. छप्पन पूर्णांक आठ.
पुढे. मागे.
शिवायचं नाही एवढंच मी सांगते
आणि सेटचं विसरून हा माणूस
पाच मिनिटं त्या पाटीवर हात फिरवत राहतो,
ताप आलेल्या पोराच्या कपाळाशी धरावा तसा.
"माका वळाखता ता," म्हणतात.

रात्री पडद्यावर एक कपॅसिटर वाढवला.
नाव: दाजी.
किंमत: शून्य पूर्णांक चार पिकोफॅरड.
रन दाबलं. एकशे पंचावन्नला चिकटून.

उद्या बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून
वर झाकण बसवेन,
मग त्याला कुणाच्या हाताचं काही वाटणार नाही.
फाइल मात्र तशीच ठेवलीय.
बोट शाबूत असतं तर किती भरलं असतं
ते काढायचं राहिलंय.